शेळीला विचारलेले एकशे शहाऐंशी प्रश्न

जुलै महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम: शेळी सांभाळायचे दिवसाला नव्वद रुपये, चारा आणि औषध वेगळं. हजर: मी, माझे यजमान, नांदेडहून आलेली माझी भाची, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचे तीन सदस्य, जनावरांचे एक डॉक्टर आणि एक काळी शेळी. जागा: लातुरातल्या आमच्या घरामागचा पत्र्याचा गोठा, नऊ फूट बाय सात. समितीनं टेपनं मोजला तेव्हा आठ फूट दहा इंच भरला. पलीकडच्या भिंतीला प्लास्टर केल्यावर दोन इंच गेले, हे मी त्यांना मोजायच्या आधीच सांगितलं होतं. त्यांनी तरी मोजलं. मला ते आवडलं.

मी दूध संकलन केंद्रावर बावीस वर्षं फॅट तपासते. साडेतीन आणि तीन पूर्णांक चार यांत माझ्या लेखी फरक असतो, आणि त्यावरून गल्लीत माझ्याशी न बोलणारी दोन घरं आहेत. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि शेळीचा किती, हे वाचणाऱ्याला ठरवता यावं.

शेळीच्या डोक्यात यंत्र होतं. भाची नांदेडच्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी नेमणुकीवर आहे, आणि मेंदूत बसवायची बिनतारी यंत्रं बनवणं हे तिचं काम. मसुरीच्या डाळीएवढी चकती, तिच्या खाली केसापेक्षा बारीक सोळा तारा. कवटीला छोटं भोक पाडून ती चकती आत बसवलेली, वर कातडी शिवलेली. जखम भरून केसही आले होते. बाहेरून दिसायचा तो फक्त गळ्यातला जाड पट्टा. आतल्या यंत्राला वीज तोच पुरवायचा, तीही बिनतारीच.

“तार असती तर काय बिघडलं असतं?” यजमानांनी विचारलं. ते शाळेतून निवृत्त झालेत, गणित शिकवायचे.

“आधीच्या पाच शेळ्यांना तारच होती काका,” भाची म्हणाली. “चार नंबरनं पाच नंबरची खाल्ली.”

ही सहा नंबर. दुसरं नाव तिला ठेवायचं नाही, असं समितीनं लेखी कळवलं होतं.

नांदेडच्या प्राणिगृहाचं छत गळत होतं, दुरुस्तीला दोन महिने लागणार होते, आणि शेळीचं ऑपरेशन केलेले डॉक्टर लातूरचे. त्यांना दर आठवड्याला ती बघायची होती. बहिणीला आमचा गोठा आठवला. म्हैस विकल्यापासून त्यात जुनी सायकल आणि कूलर होता.

काम असं. अंग झाडायच्या आधी, साधारण अर्धा सेकंद, शेळीच्या मेंदूत ते ठरतं. यंत्र ते ठरणं पकडून कोपऱ्यातल्या पेटीकडे पाठवतं. पेटीवरचा निळा दिवा लागतो. मग शेळी अंग झाडते. ज्या माणसाचे हातपाय लुळे पडलेत त्याच्याही मेंदूत ‘हात उचलायचा’ हे ठरतच असतं, फक्त ते हातापर्यंत पोचत नाही. मधला रस्ता सोडून ते ठरलेलं तसंच बाहेर काढायचं, हे यातलं दूरचं ध्येय. जवळचं ध्येय म्हणजे साठ दिवस यंत्र चाललं पाहिजे, आणि दिवा लागल्यावर शंभरात ऐंशी वेळा तरी शेळीनं खरंच झाडलं पाहिजे. ऐंशीच्या खाली आकडा आला तर पुढचा निधी नाही. निधी नाही तर भाचीची नेमणूक सप्टेंबरअखेर संपणार. तिनं हे मला गोठ्यात सायकल बाहेर काढताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात, म्हणून मला ते जास्त लागलं.

“आणि अंग झाडणंच का? चालणं, खाणं का नाही?” मी विचारलं.

“खाणं कधी ठरलं ते कळत नाही मावशी, शेळीचं ते कायम ठरलेलंच असतं. झाडणं एकदम होतं. मोजता येतं. आणि हवं तेव्हा करून घेता येतं, पाठीवर थोडं पाणी टाकलं की झालं.”

“हे कुठून सुचलं तुला?”

“आजोळच्या जत्रेत बघितलेलं.”

इथं मला थांबायला हवं होतं. जत्रेत बोकडाच्या पाठीवर पाणी टाकतात, मनात प्रश्न धरतात, आणि बोकडानं अंग झाडलं तर देवीनं मान्य केलं असं समजतात. मराठवाड्यात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भाचीला ठाऊक होतं, मला होतं, समितीचे तिघेही इकडचेच, त्यांनाही असणार. त्यांनी गोठ्याचा उतार पाहिला, हवा पाहिली, आवाज मोजला. गोठ्याच्या वर आमची गच्ची आहे आणि गच्चीला लागून चार भाड्याच्या खोल्या. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला आलेल्या मुलांच्या आया तिथं स्वयंपाकपाणी करत मुलांसोबत राहतात. समितीनं वर नजर टाकली आणि ‘निवासी परिसर’ एवढं रकान्यात लिहिलं. आम्ही सातही माणसं सही करून मोकळी झालो. आठवीला कोणी विचारलं नाही.

सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. दर वेळी पन्नास मिली पाणी. भाचीनं त्यासाठी इंजेक्शनची मोठी पिचकारी दिली होती, ती तिसऱ्या दिवशी अडकायला लागली. मी केंद्रावरचं दुधाच्या नमुन्याचं पन्नास मिलीचं स्टीलचं माप आणलं. वही आखली. वेळ, पाणी, दिवा, झाडलं का, शेरा. “जे होईल ते सगळं लिहायचं,” भाचीनं बजावलं होतं. हे मला सांगायची गरज नव्हती.

बावीस दिवस उत्तम गेले. चारशे चाळीस वेळा पाणी, चारशे दोन वेळा दिवा, त्यातल्या तीनशे चोपन्न वेळा शेळीनं झाडलं. शंभरात अठ्ठ्याऐंशी. भाचीचा रोज संध्याकाळी फोन यायचा, मी आकडे सांगायची, ती फोनवरच हसायची.

गच्चीवरून रोज कोणीतरी पाहत होतं, ते मला बाविसाव्या दिवशी कळलं. तीन नंबरच्या खोलीतली देगलूरची बाई जिना उतरून गोठ्याच्या दाराशी आली. तिचा मुलगा दुसऱ्यांदा परीक्षा देत होता.

“काकू, हे कोणत्या देवीचं हाय?”

“कोणत्याच देवीचं नाही. नांदेडच्या प्रयोगशाळेचं आहे.”

“मग पाणी टाकून काय पाहून राहिलात?”

“झाडते का ते.”

“अन् झाडली तर?”

“वहीत लिहायचं.”

“अन् न्हाई झाडली तर?”

“तेही लिहायचं.”

तिनं जरा विचार केला. “अय्यो. लई कडक दिसतंय हे.” मग पेटीकडे बोट केलं. “अन् तो दिवा?”

मी म्हणाले, “शेळीच्या मनात आलं की दिवा लागतो.”

हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं चूक आहे, असं भाचीनं मला नंतर दोनदा समजावलं. पण ते बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी केंद्रावरून आले तर ती बाई गोठ्यात होती. हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात भुईमुगाच्या शेंगा. शेळी नखशिखांत ओली. निळा दिवा लागला, शेळीनं झाडलं, आणि बाईनं हात जोडले.

“हाव म्हणली.”

“कशाला हाव म्हणाली?”

“रविवारच्या टेस्टीत पाचशेच्या वर जातो का, इचारलं.”

तिचा मुलगा तोवर चारशे साठच्या पुढं गेला नव्हता. त्या रविवारी त्याला पाचशे बारा मिळाले. मुलगा म्हणत होता की पेपर सोपा होता, सगळ्यांनाच वाढले. त्याचं कोणी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी गोठ्याच्या दाराशी सहा बाया होत्या, त्यांतल्या दोन आमच्या भाडेकरूही नव्हत्या.

गोठ्याला कुलूप लावता येत नव्हतं. आत जनावर असताना दार बाहेरून बंद करायचं नाही, आग लागली तर, हा समितीचा आठवा नियम. मी केंद्रावर असले की यजमान घरी असायचे. त्यांना मी पहारा द्यायला सांगितलं. त्यांनी त्याऐवजी शाळेतल्या सुंदर अक्षरात पाटी रंगवून लावली: ‘येथे संशोधन सुरू आहे. कृपया शेळीला प्रश्न विचारू नयेत.’ शेळीला प्रश्न विचारता येतात हे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तोवर माहीत नव्हतं. ते पाटीमुळे कळलं.

भाचीला मी त्याच दिवशी फोन केला.

“मावशी, बंद कर ते.”

“बंद होत नाही. परवा एकीला नको म्हटलं तर ती रडली. तिच्या घरी जमीन गहाण आहे का नाही ते मी विचारलं नाही, पण रडली ती खरी.”

“मग निदान लिहून ठेव. कोण आलं, कधी, काय केलं. सगळं.”

म्हणून मी लिहिलं. आणि एक नियम केला. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. तांब्याभर पाणी शेळीवर ओतायचं लातुरात कोणालाच परवडत नाही. येणाऱ्यानं आपलं पाणी आणायचं आणि माझ्या मापानं पन्नास मिलीच टाकायचं. सकाळी नऊ ते दहा, संध्याकाळी चार ते पाच. माझ्या वीस वेळा सोडून. लोकांनी हा नियम इतक्या श्रद्धेनं पाळला की मलाच संकोच वाटला. देगलूरची बाई नव्या बाईला समजावताना मी ऐकलं, “जादा टाकायचं न्हाई. पन्नासच. काकूंचं शास्त्रच तसं हाय.”

वहीत दोन रकाने वाढले: विचारणारा आणि प्रश्न. प्रश्न मी विचारत नसे. लोकच मोठ्यानं बोलायचे. ‘सरकारी कॉलेज मिळेल का.’ ‘मुलगी क्लासला जाते म्हणते तिथंच जाते का.’ ‘बायोलॉजीचा मास्तर बदलावा का.’ ‘तिसऱ्यांदा बसवावं का, का गावी न्यावं.’ हा शेवटचा प्रश्न एकाच बाईनं अकरा वेळा विचारला. पाच वेळा हो आलं, सहा वेळा नाही.

उदगीरचे एक किराणा दुकानदार दर शनिवारी मुलीला भेटायला यायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. ते दारात उभे राहून म्हणाले, “आमच्यात बकऱ्याचं काही चालत नाही बघा. ते झाडण्याबिडण्याला आम्ही मानत नाही. पण दिवा म्हणजे यंत्र झालं. यंत्राला विचारायला काय हरकत?” त्यांनी शेळीकडे पाठ करून दिव्याकडे पाहत प्रश्न विचारला. पाणी त्यांच्या वतीनं मी टाकलं. दिवा लागला. शेळीनं झाडलं नाही.

“झालं की,” ते म्हणाले.

“कुठं झालं?” देगलूरची बाई म्हणाली. “झाडली न्हाई ती. न्हाई म्हणली.”

“बाई, मनात हो आलं ना तिच्या? काकू, तुम्हीच म्हणालात ना, मनात आलं की लागतो?”

“मनात येऊन काय करता शेट? मनात तर आमच्या पोरालाबी डॉक्टर व्हायचं हाय.”

तेव्हापासून दोन तट पडले. दिवा मानणारे आणि झाडणं मानणारे. दिवेवाले थोडे शिकलेले होते, गावाकडचे बहुतेक झाडणं धरून होते. एका शनिवारी यावरून इतका आवाज वाढला की यजमान बाहेर आले आणि म्हणाले, हा प्रश्न प्रयोगानं सोडवता येतो. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच विचारू. त्यांनी पाणी टाकून शेळीला विचारलं, “दोन आणि दोन चार होतात का?”

दिवा लागला नाही. शेळीनं झाडलंही नाही.

“बघा,” यजमान म्हणाले.

“बघितलं,” देगलूरची बाई म्हणाली. “तिला मस्करी कळती.”

मी लिहिलं: विचारणारा, यजमान. प्रश्न, वरीलप्रमाणे. दिवा नाही, झाडलं नाही.

ऑगस्ट अर्धा सरता सरता माझ्या स्वतःच्या वीस वेळांचे आकडे घसरायला लागले. दिवा पूर्वीसारखाच लागायचा. शेळी मात्र झाडायची नाही. पाणी पाठीवरून ओघळायचं, दिवा लागायचा, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहायची. सत्तर, मग पासष्ट, एका दिवशी पन्नास. डॉक्टर दोनदा बघून गेले. वजन वाढलं होतं, साडेतीन किलो. बाकी काही नाही.

भाची चाळिसाव्या दिवशी नांदेडहून आली. सकाळची सात वाजताची एसटी धरून अकराला घरात, आणि चहा न घेता थेट गोठ्यात. लॅपटॉप आणि वही मांडीवर घेऊन दिवसभर कूलरच्या खोक्यावर बसून राहिली. संध्याकाळी मी शेजारी बसले.

“यंत्र चांगलं चाललंय मावशी. सिग्नल पहिल्या दिवसाइतका स्वच्छ आहे. पण दिवा लागून ती झाडत नसेल तर कागदावर यंत्रच खोटं ठरतं.” जरा वेळानं म्हणाली, “तेविसाव्या दिवसापासूनची पानं नसती, तर अठ्ठ्याऐंशी होतात.”

“आहेत पण.”

“बाहेरच्या लोकांमुळे प्रयोग बिघडला म्हणून तेवढाच भाग धरा, असं सांगता येईल. मग लोकांचं काही दाखवायलाच नको.”

“त्यांना साठ दिवसांचं हवंय.”

“मला माहितीये काय हवंय!” ती ओरडली. शेळीनं मान वर केली. “आणि दुधात पाणी घालून आणणाऱ्याकडे बघतेस तशी माझ्याकडे बघू नकोस.”

मी तशी बघत होते की नाही ते मला माहीत नाही. पण वही तिच्या हातातून घेतली हे खरं आहे. ती रात्री न थांबता परत गेली. पुढचे आठ दिवस मी आकडे फोनवर सांगायची, ती ‘बरं’ म्हणायची.

अठ्ठावन्नाव्या दिवशी दुपारी गोठ्यात कोणी नव्हतं. माझे दहा सकाळीच झाले होते, लोकांची वेळ अजून व्हायची होती. मी माप भरलं. हातात शेंगा नव्हत्या, शेळीच्या तोंडातही काही नव्हतं. मी पाणी टाकलं आणि विचारलं, मोठ्यानं नाही. दिवा लागला. शेळीनं झाडलं नाही. मी उभ्या उभ्या थोडा वेळ वाट पाहिली. ती पण पाहत होती. मग वही काढली. जे होईल ते सगळं लिहायचं म्हटल्यावर हेही लिहायला हवं होतं. विचारणारी: मी. प्रश्न: भाचीची नोकरी राहील का. शेरा: तोंड रिकामं.

साठ दिवस पूर्ण झाल्यावर पुढच्या गुरुवारी नांदेडला समितीची बैठक होती. मी वही घेऊन गेले. लांब टेबल, बिसलेरीच्या बाटल्या, तेच तिघे आणि आणखी चार. भाची टोकाला बसली होती. अध्यक्ष साठीचे, चष्म्याच्या वरून बघणारे.

मी आकडे सांगितले. बाराशे वेळा पाणी. एक हजार सत्तावन्न वेळा दिवा. सातशे सदुसष्ट वेळा झाडलं. शंभरात बहात्तर पूर्णांक सहा.

“ऐंशी लागतात,” अध्यक्ष म्हणाले.

“हो.”

“आणि हे काय आहे?” त्यांनी वही पुढं ओढली. “एकशे शहाऐंशी जास्तीच्या नोंदी?”

“ते लोकांचे प्रश्न.”

ते वाचायला लागले. आधी मनात, मग का कुणास ठाऊक, मोठ्यानं. “‘मुलगी क्लासला जाते म्हणते तिथंच जाते का. दिवा लागला. झाडलं नाही. शेरा: शेळीच्या तोंडात खोबरं.’ ‘तिसऱ्यांदा बसवावं का, का गावी न्यावं. दिवा लागला. झाडलं नाही. शेरा: पिशवीकडे बघत होती.’” खोलीत कोणी हसलं नाही. हसायचं की नाही हे अध्यक्षांनी अजून ठरवलं नव्हतं. ते पानं उलटत राहिले आणि शेवटच्या पानावर थांबले. “‘विचारणारी: मी. प्रश्न: भाचीची नोकरी राहील का.’”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भाचीकडे. भाचीनं मान खाली घातली, तिचे कान लाल झाले होते. मग तिनं एकदम मान वर केली.

“सर, शेरे परत वाचा.”

“कोणते?”

“सगळे. खोबरं, शेंगा, पिशवी. मावशी, तुझ्या वीसच्या नोंदीतही शेरे आहेत?”

“आहेत की. तू वही घेऊन बसली होतीस तेव्हा टक्केच बघत होतीस.”

तिथंच टेबलावर आम्ही मोजलं. दिवा लागून झाडलं नाही, असं माझ्या नोंदीत दोनशे नव्वद वेळा. त्यातल्या दोनशे त्रेचाळीस वेळा शेळीच्या तोंडात काहीतरी होतं, किंवा आपल्या वेळेआधीच येऊन समोर थांबलेल्या कोणाच्या तरी हातात पिशवी होती. लोकांचं असं असायचं: शेळीनं झाडलं की समाधानानं हात जोडून उरलेल्या शेंगा घेऊन घरी. नाही झाडलं की आणखी एक मूठ पुढं, परत पाणी, परत प्रश्न. शेळीला ते चार दिवसांत कळलं असावं.

“तिनं झाडायचं ठरवलं,” भाची म्हणाली. “आणि थांबवलं. यंत्रानं ठरवणं बरोबर पकडलं. सर, नुसती हालचाल ओळखणारं यंत्र हे पकडूच शकलं नसतं.”

अध्यक्षांनी मला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? शेळीनं मुद्दाम थांबवलं?”

“ते मी सांगू शकत नाही,” मी म्हणाले. “दुधात पाणी आहे एवढं मला मोजता येतं. ते का घातलं ते नाही.”

भाचीनं माझ्याकडे असं बघितलं की दूध-पाण्याचं ते बघणं काय असतं ते मला कळलं. पण अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहिलं. नंतर ती मला म्हणाली की तिथं ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांनी वही बाजूला ठेवली असती. मला वाटतं ती बरं वाटावं म्हणून म्हणाली.

पण अडचण तिथं संपली नाही, सुरू झाली. शेंगा आणि पिशव्या हाच पुरावा. पिशव्या माणसांच्या. आणि मंजूर प्रयोगात माणसं नव्हतीच. समितीतले एक सदस्य म्हणाले, ज्यांची कृती आणि प्रश्न नोंदवून आपण निष्कर्ष काढतो, ते प्रयोगात सहभागी झाले. म्हणजे हा माणसांवरचाही प्रयोग झाला. त्याला वेगळी समिती, प्रत्येकाचं संमतीपत्र, आणि नियमाप्रमाणे दर माणशी दीडशे रुपये मानधन. हे सगळं झालं तर नोंदी ग्राह्य धरून मुदत एक वर्षानं वाढवता येईल. नाही झालं तर बहात्तर पूर्णांक सहा. बैठकीनंतर जिन्यात अध्यक्षांनी मला गाठून हळूच विचारलं, “शेळी अजून लातूरलाच आहे ना?” मी शनिवारपर्यंत आहे म्हणाले.

संमतीपत्र चार पानी होतं. तीस जणांना मी वाचून दाखवलं. तीन जण गावी परतले होते. त्यांना फोनवर वाचून टपालानं सह्या मागवल्या. ‘मला या प्रयोगातील संभाव्य धोके समजले आहेत,’ असं एक वाक्य होतं.

“धोका कसला?” देगलूरची बाई म्हणाली. “ती खोटं बोलली तर?”

“तो धोका यात धरलेला नाही.”

“मग करते सही.” सही करता करता म्हणाली, “पैसे आमालाच का? उत्तर तर तिनं दिलं.”

उदगीरच्या दुकानदारांनी प्रत्येक कलम चष्मा पुसून वाचलं. ‘सहभागी व्यक्तीला आपला सहभाग केव्हाही मागे घेता येईल,’ यावर ते थांबले.

“म्हणजे प्रश्न मागे घेता येतो?”

“येतो. पण मग दीडशे मिळत नाहीत.”

“मागे घेऊन दुसरा विचारला तर?”

मी नांदेडला फोन लावला. भाचीनं दुसऱ्या समितीला विचारलं. तशी तरतूद नाही असं लेखी उत्तर नवव्या दिवशी आलं. दुकानदारांनी पहिलाच प्रश्न कायम ठेवला.

यजमानांनी सही करायला दोन दिवस लावले. दोन आणि दोन चार होतात का, हा प्रश्न त्यांच्या नावापुढं संशोधनाच्या कागदात कायमचा राहणार याचं त्यांना वाईट वाटत होतं. शेवटी ‘निवृत्त गणित शिक्षक’ हे शब्द खोडावे या अटीवर केली.

भाचीची मुदत वाढली. एक वर्ष, त्याच पगारावर. शेळी नांदेडला गेली. तिथल्या पेटीवर आता दिवा नाही, सिग्नल आतल्या आत नोंदवला जातो. मापही त्यांनी मागून घेतलं. केंद्रावर मी दुसरं भरून दिलं.

मानधन ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आमच्या ओसरीवर वाटलं. माणसं एकतीस, दर माणशी दीडशे, एकूण चार हजार सहाशे पन्नास. गावी परतलेल्या तिघांचे त्यांच्या बँक खात्यात. ज्या बाईनं अकरा वेळा विचारलं होतं तिलाही दीडशेच. मानधन माणशी असतं, प्रश्नाला नाही, हे मी तिला समजावलं. तिनं मुलाला तिसऱ्यांदा बसवलं होतं. यजमानांना दीडशे. एकतिसावी मी. वाटप माझ्याच सहीनं होतं आणि वाटणाऱ्यानं स्वतःचं मानधन स्वतःला द्यायचं नाही, असा नियम होता. म्हणून माझे दीडशे भाचीनं दिले. तिनं शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट माझ्या हातावर ठेवली. मी मोजून घेतले आणि सही केली.